जुनी गाडी, नवे कर्ज आणि लेथवाल्याचा हिशेब



कापसाची पहिली वेचणी घरात आली की गावात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक भावाची, दुसरी गाडीची. भावाबद्दल बैठकीत पुष्कळ बोलणे होते. गाडीबद्दल मात्र जो तो आपापल्या घरी ठरवतो आणि निस्तरतोही एकटाच. म्हणून आज गाडीबद्दल, आणि गाडीतही मुख्यतः तिच्या इंजिनाबद्दल लिहायचे आहे.

गेल्या काही हंगामांत आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला. घरातला पोरगा म्हणतो, पिकअप घेऊ. दुसऱ्याच्या गाडीला भाडे देण्यापेक्षा आपला कापूस आपण जिनिंगवर नेऊ, परतताना चार पैसे भाड्याचे मिळवू. बापाची ना नसते. अडते ते पुढे. एका बाजूला शोरूमवाला उभा असतो, त्याच्या शेजारीच फायनान्सवाल्याचे टेबल. दुसऱ्या बाजूला ठाणे, कल्याण किंवा भिवंडीला ड्रायव्हर असलेला कुणी पाहुणा सांगतो की इकडे जुन्या पिकअप स्वस्तात निघतात, फक्त इंजिनाचे काम करावे लागेल. पहिल्यात कर्जाची भीती, दुसऱ्यात फसवणुकीची. आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या गाडीला वर्षातून चार-पाच महिनेच काम आहे अशा कोरडवाहू शेतकऱ्याने नवी गाडी कर्जावर घेऊ नये. चासी चांगली असलेली जुनी गाडी चौघा-पाचांनी मिळून घ्यावी आणि तिचे इंजिन मोजमाप करून नीट बांधून घ्यावे. मात्र त्या ‘नीट’ या शब्दात बरेच काही आहे, आणि लोक पैसे घालवतात ते तिथेच.

आधी आकडे मांडू. हे समजुतीचे आकडे आहेत, आपापल्या भागाचे घालून पुन्हा मांडून पाहा. समजा नवी गाडी १० लाखांची. २ लाख रोख, ८ लाख कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता बसतो महिन्याला सुमारे १७,४०० रुपये. पाच वर्षांत रोख धरून १२ लाख ४४ हजार जातात. पाच वर्षांनी गाडी साडेचार लाखांना विकली गेली असे उदारपणे धरू. म्हणजे गाडी वापरल्याची किंमत झाली ७ लाख ९४ हजार. आपल्याकडे हंगामाच्या पाच महिन्यांत महिन्याला पंधरा फेऱ्या धरल्या तर वर्षाला ७५, पाच वर्षांत ३७५. दर फेरीमागे सुमारे २,१०० रुपये, आणि यात डिझेल, विमा, ड्रायव्हर काहीच धरलेले नाही.

आता जुनी. समजा अडीच लाखांना गाडी आणि एक लाख इंजिन, रेडिएटर, ब्रेक, टायर यांवर. वर्षाला तीस हजार दुरुस्ती. पाच वर्षांनी लाखभर रुपये आले तर खर्च झाला ४ लाख. दर फेरीमागे सुमारे १,०७० रुपये. निम्म्यावर.

हाच हिशेब भिवंडीच्या गोदामांतून रोज माल उचलणाऱ्या माणसासाठी मांडला तर उत्तर बदलते. त्याच्या वर्षाला अडीचशे फेऱ्या असतील तर नव्या गाडीचा खर्च फेरीमागे ६३५ रुपयांवर उतरतो. जुनीची दुरुस्ती वर्षाला ऐंशी हजारांवर गेली आणि शेवटी तिचे पन्नासच हजार आले, तर तीही ५६० पर्यंत येते. फरक नावापुरता राहतो आणि जुनी गाडी रस्त्यात उभी राहिली तर एका दिवसात तो भरून निघतो. त्याने नवी घ्यावी, त्यात शहाणपणच आहे. आम्ही जुन्या गाडीचे भक्त नाही. ज्याचे चाक रोज फिरते त्याचा हिशेब वेगळा आणि ज्याचे चाक मोसमात फिरते त्याचा वेगळा, एवढेच म्हणणे आहे. हप्ता मात्र मोसम पाहत नाही. जून महिन्यात बियाणे आणि खत घ्यायचे असते, गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असते आणि हप्त्याची तारीख बरोबर येते.

ठाणे-कल्याणची गाडी कशी ओळखायची

आमच्या भागात येणाऱ्या जुन्या पिकअप या पट्ट्यातूनच का येतात याचे कारण सरळ आहे. भिवंडीची गोदामे, वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी, कल्याणची बाजार समिती, मुरबाड-शहापूरकडून येणारा भाजीपाला, या सगळ्याला छोटी मालगाडी लागते. तिथला व्यावसायिक काही वर्षांनी गाडी बदलतो. त्यात समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे भिवंडीच्या अंगाला आहे. तिथून वाशीम, अमरावती, वर्धा, नागपूर सरळ एका रस्त्यावर आले. आमच्या लोकांची तिथली खरेदी यापुढे वाढेल, कमी होणार नाही.

या गाड्यांची काही खास दुखणी आहेत. पहिले म्हणजे किलोमीटरचा काटा. तो फिरवलेला नसला तरी तो पूर्ण खरे सांगत नाही. कल्याण-शीळ रस्ता, मुंब्रा बायपास, घोडबंदर रोड इथे गाडी चालण्यापेक्षा उभी जास्त असते. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा २०२१च्या जानेवारीत सुरू झाला. त्या दोन वर्षांत तिथल्या मालगाड्यांनी किती डिझेल जागच्या जागी जाळले असेल! काटा हलत नाही, पण इंजिन फिरत असते. आपण विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे आयुष्य तासांत मोजतो, किलोमीटरमध्ये मोजत नाही. शहरातल्या गाडीचेही तासांतच मोजले पाहिजे. ती गाडी कुठल्या कामावर होती हे विचारा, म्हणजे तासांचा अंदाज येतो.

दुसरे दुखणे पाण्याचे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे काही तालुक्यांना वर्षभरात एवढा मिळत नाही. त्या वेळी उल्हास नदीकाठचा कल्याण-बदलापूर भाग पाण्याखाली गेला होता. २०१९च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तीही याच नदीच्या खोऱ्यात. असा पूर आला की गाड्या बुडतात. बुडालेल्या गाडीचे इंजिन कुणी तसेच सुरू केले तर पाणी सिलिंडरमध्ये जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढे ती गाडी पाणी काढून, तेल बदलून चालवलीही जाते, पण वाकलेला रॉड सिलिंडर एका बाजूने खात राहतो. इंजिन खोलले की प्रत्येक रॉड सरळ आहे का हे तपासायला सांगा, आणि ते तपासले जाताना तिथे उभे राहा.

तिसरे म्हणजे गंज. कोकणपट्टीचा पाऊस आणि खाडीची हवा चासीला आतून खाते. इंजिन बांधता येते, गिअरबॉक्स बांधता येतो, गंजलेल्या चासीला पट्ट्या मारून दोन टन ओझे नेता येत नाही. म्हणून आम्ही उलट क्रमाने पाहायला सांगतो. लोक आधी बोनेट उघडतात. तुम्ही आधी गाडीखाली झोपा. एक हातोडी घेऊन चासीवर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पुढे बोला, बद्द आवाज आला तर चहा पिऊन निघा. स्प्रिंगांचे ब्रॅकेट आणि चासीचे मागचे टोक हे विशेष पाहावे.

आता बोनेट. विकणारा इंजिन आधीच गरम करून ठेवतो, म्हणून गेल्या गेल्या रेडिएटरला बाहेरून हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणावे. थंड इंजिन किती फिरवल्यावर सुरू होते ते पाहा. गरम झाल्यावर तेल भरण्याचे झाकण काढा. तिथून भकाभका धूर येत असेल तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत, जळलेला वायू खाली उतरतो आहे. याला ब्लो-बाय म्हणतात. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. तेलाच्या पट्टीवर दुधासारखा फेस दिसला तर पाणी तेलात मिसळते आहे. यातले काही दिसले म्हणून गाडी सोडून द्यावी असे नाही. इंजिन बांधायचेच आहे ना? मग दोष दाखवून किंमत पाडावी. घेण्याजोगी वाईट गाडी आणि न घेण्याजोगी वाईट गाडी यांत फरक असतो, आणि तो फरक बहुतेक वेळा चासीत आणि कागदांत असतो.

कागदांचे थोडक्यात सांगतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवून पाहा. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीवर बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेले चलन, कर, फिटनेसची मुदत पाहा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते, हे हिशेबात धरा.

ट्रॅक्टर आणि पिकअप, एकाच घराण्याचे

जुन्या महिंद्रा पिकअपबद्दल एक गोष्ट फार थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक असते. तिचे जुन्या चालीचे डिझेल इंजिन २,५२३ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल १०१.६ मिलिमीटर. ही मापे अशी विचित्र का? इंचात मोजा, साडेतीन आणि बरोबर चार. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ब्रिटनमधल्या ट्रॅक्टर इंजिनाचे हेच माप होते. १९६३ मध्ये महिंद्राने त्या कंपनीबरोबर आणि व्होल्टासबरोबर भागी करून ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि १९६५ पासून कांदिवलीहून बी-२७५ ट्रॅक्टर निघू लागला. पिकअप आणि ट्रॅक्टर यांचे गोत्र एक ते असे. आपल्या तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचे इंजिन बांधणारा जो मिस्त्री आहे, त्याचा हात या इंजिनावर उपरा नाही.

दुसरे घराणे फ्रेंच. १९८०च्या दशकात महिंद्राने इगतपुरीला, म्हणजे कल्याणहून कसारा घाट चढला की लगेच, पूजो कंपनीच्या तंत्रावर डिझेल इंजिने बनवायला घेतली. त्या काळच्या कित्येक जीपांना ते २,११२ सीसीचे इंजिन होते. याच पूजोने १९९४ मध्ये प्रीमियर कंपनीबरोबर डोंबिवलीजवळ मोटारीचा कारखाना सुरू केला आणि तो काही वर्षांतच बंद पडला. कारखाना गेला, जागेवर इमारतींचे नगर उभे राहिले. पण त्या मोटारीतले १,५२७ सीसीचे डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या गाड्यांतही आले, आणि त्यामुळे त्याचे सुटे भाग मिळत राहिले. यातून घ्यायचे ते एवढेच की कंपनीचे नाव पाहून गाडी निवडू नये. इंजिन किती गाड्यांत वापरले गेले ते पाहावे. ज्याचे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट तालुक्याच्या दुकानात मिळतात ते इंजिन आपले. ज्याच्यासाठी दरवेळी कुर्ल्याच्या भंगार बाजारात माणूस पाठवावा लागेल ते कितीही ताकदीचे असो, आपले नाही.

नव्या चालीच्या कॉमन रेल इंजिनाबद्दल नेहमी विचारले जाते. त्याचे मायलेज चांगले आणि धूर कमी, हे खरे आहे. पण त्यात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि इंजेक्टर संगणकाच्या हुकमावर चालतो. पिंपातले, कचरा आणि पाणी असलेले डिझेल जुना पंप काही दिवस सहन करतो, हा इंजेक्टर करत नाही. चार इंजेक्टर एकदम गेले तर जुन्या इंजिनाच्या पूर्ण बांधणीएवढा खर्च होऊ शकतो. ज्यांच्या गावापासून असे इंजेक्टर तपासणारे दुकान लांब आहे, त्यांनी कमी बजेटात या वाटेला जाऊ नये.

मोजमापाचा कागद

इंजिन बांधण्याच्या कामात दोन माणसे असतात आणि शेतकरी बहुधा एकालाच भेटतो. एक मिस्त्री, जो इंजिन खोलतो आणि जोडतो. दुसरा मशीन शॉपवाला, आपल्या भाषेत लेथवाला, जो सिलिंडर बोअर करतो, क्रँक ग्राइंड करतो, हेड सपाट करतो, व्हॉल्व्हच्या सीटा कापतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत असे कसबी कारागीर अजून आहेत. वागळे इस्टेट ही राज्यातली एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६०च्या दशकातली. आता तिथे बऱ्याच ठिकाणी काचेची ऑफिसे झाली, पण मागच्या गल्लीत मशीन फिरताना दिसते. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी माणसे या पट्ट्यात गेली, त्यांतल्या काहींची मुले आज या मशिनांवर आहेत. बोलीवरून ओळखू येतात.

मिस्त्री ‘हाफ काम’ आणि ‘फुल काम’ असे दोन भाव सांगतो. या शब्दांना ठरलेला अर्थ नाही. कुणाच्या हाफ कामात हेड आणि रिंगा असतात, कुणाच्यात बेअरिंगही असतात. शब्दावर सौदा करू नका. काय काय होणार ते कागदावर लिहून घ्या.

आमचे शिक्षण शेतकी कॉलेजातले, म्हणून आम्हाला या कामात माती परीक्षणाची आठवण येते. माती न तपासता खत टाकणारा शेतकरी आणि सिलिंडर न मोजता रिंगा टाकणारा मिस्त्री एकाच जातीचे. सिलिंडर झिजतो तो गोल राहून झिजत नाही. वरच्या बाजूला जास्त आणि एका दिशेने जास्त झिजतो, म्हणजे लांबट होतो. त्यात नवी गोल रिंग टाकली तर ती सगळीकडे टेकणार कशी? ढेकळांच्या रानात तिफण चालवल्यासारखे होते, बी पडते पण उगवत नाही. पाच-सहा महिने बरे वाटते, मग पुन्हा तेल जळू लागते. म्हणून प्रत्येक सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी घेतलेले असावे. क्रँकच्या प्रत्येक जर्नलचे माप असावे. हे कागदावर लिहून, सही करून मागा. जो लेथवाला हसून कागद देतो त्याच्याकडे काम द्या. जो म्हणतो ‘शेठ, आमच्यावर भरवसा नाही का’, त्याला नमस्कार करा.

मापे हातात आली की निर्णय आपोआप होतो. सिलिंडर मर्यादेत असेल तर फक्त होनिंग आणि रिंगा. मर्यादेबाहेर असेल तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, किंवा इंजिनाला लायनर असेल तर लायनर बदलून मूळ मापाचा पिस्टन. क्रँक दहा, वीस, तीस अशा हिशेबाने उतरवतात. दहा म्हणजे इंचाचे दहा हजारांश, पाव मिलिमीटर. दर वेळी क्रँक थोडा बारीक होतो. आधीच शेवटच्या मापापर्यंत उतरलेला क्रँक निघाला तर पुन्हा ग्राइंड करायला जागा नसते, दुसरा शोधावा लागतो. गाडी घेतानाच्या बजेटात या एका शक्यतेसाठी पैसे राखून ठेवा. अर्धे इंजिन खोलून पडले आहे, पैसे संपले आहेत आणि कापूस घरात फुलतो आहे, ही अवस्था आम्ही एकापेक्षा जास्त अंगणांत पाहिली आहे.

बोअर केल्याने ताकद वाढते असा एक समज आहे. ८८.९चा सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा केला तर २,५२३ सीसीचे २,५५१ होतात. शंभराला एक वाढले. बांधलेल्या इंजिनात जी ताकद जाणवते ती नवी नसते. झिजल्यामुळे गळणारी जुनीच ताकद परत आलेली असते.

इथून ‘अपग्रेड’चा विषय निघतो, आणि इथेच आमचा पोरांशी वाद आहे. त्यांना टर्बो बसवायचा असतो. नाहीतर पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचे असते. जे इंजिन टर्बोसाठी बनलेले नाही त्याचे पिस्टन, हेड गॅस्केट आणि पाण्याची व्यवस्था तेवढी उष्णता झेलत नाहीत. चाळीस अंशांच्या उन्हात भरलेली गाडी चढावर असताना ते कळते. डिझेल वाढवले तर काळा धूर वाढतो, ताकद थोडी, खर्च जास्त, आणि पीयूसीला गाडी अडते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलात मनाने फेरफार करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या नंबराची नोंद पाहिजे. ठाण्याची एमएच-०४ असो की कल्याणची एमएच-०५, नियम एकच. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. सीएनजीचेही ठाणेकर सांगतात, पण डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो. त्याला सीएनजीवर नेणे म्हणजे जवळजवळ दुसरे इंजिन करणे. आणि आपल्या गावाजवळ तो पंप तरी कुठे आहे?

मग पैसे लावायचे कुठे? थंडाव्यावर आणि हवेवर. रेडिएटरचा नवा कोअर, चांगला वॉटर पंप, योग्य थर्मोस्टॅट. मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात, ‘गाडी गरम होत नाही’ म्हणून. त्याने इंजिन नेहमी थंड चालते, डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतो. तो बसवूनच घ्या. तेलाच्या दाबाचा आणि पाण्याच्या तापमानाचा असे दोन खरे काटे लावा. दिवा लागतो तोपर्यंत नुकसान झालेले असते. हवेचा फिल्टर, त्याची नळी, नळीचे क्लिप यांत कंजुषी नको. आपल्या काळ्या रानाची धूळ फटीतून आत गेली तर नव्या रिंगा एका हंगामात जातात. कापूस वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला सरकीची रुई आणि कचरा बाहेरून चिकटतो. दर आठवड्याला आतून बाहेर हवा मारून तो काढावा. इंजेक्शन पंप आणि नोझल मशीनवर कॅलिब्रेट करून घ्यावे, नुसत्या कानाने नव्हे. इतके झाल्यावर उरलेले पैसे ब्रेकला. कापसाची गाडी वजनाने भरण्याआधी आकाराने भरते, कडब्याचेही तसेच. पण ज्वारीची पोती भरली की तीच गाडी बसते, आणि उतारावर तेव्हा इंजिनापेक्षा ब्रेकचे काम जास्त असते.

बांधणी झाली की पाहुण्याला वाटते, गाडी रिकामी कशाला न्यायची, मुंबईचा माल भरून नेऊ. अजिबात नको. पहिले हजार किलोमीटर अर्ध्याहून कमी ओझे. तासन्‌तास उभे ठेवूनही इंजिन चालवू नका. रिंगांना बसायला मध्यम काम लागते, ना आराम ना दमछाक. समृद्धीवर शंभराच्या वेगाने पळवणे म्हणजे नव्या इंजिनाची परीक्षा पाहणे. पाचशे ते हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला. जुने तेल फडक्यातून गाळा. धातूची बारीक चकाकी थोडी असतेच, तुकडे दिसले तर लगेच थांबा.

आता सरकारकडे वळू, कारण हा सगळा हिशेब एका फटक्यात मोडण्याची ताकद तिथे आहे. २०२१ मध्ये गाड्या भंगारात काढण्याचे धोरण आणि नियम आले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांचे फिटनेस आणि नोंदणीचे शुल्क कित्येक पटींनी वाढले. १ एप्रिल २०२३ पासून सरकारने आपल्या पंधरा वर्षांवरील गाड्या मोडीत काढायला घेतल्या. दिल्लीत तर दहा वर्षांवरील डिझेल गाडीवर हरित लवादाने २०१५ मध्येच बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही, पण वारा कुठून वाहतो हे दिसते.

धुराविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. २०२० मध्ये ज्या डोंबिवलीत रसायनांनी रस्ता गुलाबी झाला, तिथल्या माणसाला स्वच्छ हवा मागण्याचा पूर्ण हक्क आहे. आपल्या पोरांनाही आहे. पण मग धूर मोजा, जन्मतारीख कशाला मोजता? नीट बांधलेले, पंप कॅलिब्रेट केलेले पंधरा वर्षांचे इंजिन आणि पाच वर्षांचे बेपर्वाईने वापरलेले इंजिन शेजारी उभे करा आणि नळीला यंत्र लावा. जे नापास होईल ते जाऊ द्या, आमचे असले तरी. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणारी शेतकऱ्याची गाडी आणि तेवढेच अंतर महिन्याभरात कापणारी गोदामाची गाडी यांचे वय कॅलेंडरवर एकच दिसते. हा कसला हिशेब? वाढीव शुल्क घ्यायचेच असेल तर ते चाचणीत नापास होणाऱ्याकडून घ्यावे. आणि चाचणी यंत्रावरच घ्यायची तर ते केंद्र असे असावे की शेतकऱ्याला हंगामात दोन दिवस आणि शंभर लिटर डिझेल त्यासाठी घालवावे लागू नये.

दुसरी मागणी आपल्याच लोकांकडे आहे. तालुक्याच्या गावी चार-चार जिनिंग आहेत, पण क्रँक ग्राइंड करायचा तर जिल्ह्याला, नाहीतर त्याहून लांब जावे लागते. हप्त्याचा पैसा गावातून निघतो तो परत येत नाही. दुरुस्तीचा पैसा मिस्त्री, लेथवाला, सुट्या भागांचा दुकानदार यांच्या हातून गावातच फिरतो. ठाणे-डोंबिवलीत मशिनवर पंधरा-वीस वर्षे काढलेली आपली माणसे परत यायला तयार असतात. त्यांना जागा, वीज आणि कामाची खात्री हवी आहे. एका तालुक्यात ट्रॅक्टर, पिकअप आणि विहिरीवरची इंजिने मिळून वर्षाला किती कामे निघतील याची यादी गावोगाव करता येते. ती यादी हातात असल्याशिवाय कुणाला बोलवण्यात अर्थ नाही.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत. गावात पंधरा वर्षांवरच्या गाड्या आणि ट्रॅक्टर किती, गेल्या दोन वर्षांत किती इंजिने खोलली, आणि मशीनच्या कामासाठी ती कुठे न्यावी लागली. ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांनी ती घेऊनच यावे. जेवणाच्या सुट्टीत आवारातच दोन-तीन गाड्यांची झाकणे काढून ब्लो-बाय कसा पाहायचा ते दाखवू. त्यासाठी इंजिन गरम लागते, तेव्हा ज्यांना गाडी तपासून घ्यायची आहे त्यांनी जेवायला बसण्याआधी ती दहा-पंधरा मिनिटे फिरवून आणावी.